बेंड पाईप निळा पडलाय? घासायच्या आधी हे वाचा

ज्यांना ऑफिसात इअरफोन लावता येत नाहीत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना येणारे 'म्हणजे', 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

इंजिनच्या हेडमधून निघून, वळसा घेऊन सायलेन्सरला जाऊन मिळतो तो पाईप. गॅरेजमध्ये त्याला बेंड पाईप म्हणतात. नवी गाडी घरी आणताना तो चांदीसारखा चमकत असतो. महिन्याभरात त्याच्यावर आधी पिवळसर सोनेरी झाक येते, मग तपकिरी, मग जांभळट आणि शेवटी निळा पट्टा. ज्यांची बुलेट आहे त्यांना तर सांगायलाच नको. आणि मग रविवारी सकाळी माणूस बादली, घासणी आणि यूट्यूब घेऊन बसतो.

आज मला मुख्य सांगायचंय ते एवढंच, की हा रंग म्हणजे मळ नाही. पाईपवर काहीतरी बसलंय आणि ते धुऊन निघेल, असा हा प्रकारच नाही. एकदा हे डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या गोष्टी सरळ होतात: काय लावायचं, काय अजिबात लावायचं नाही, आणि कधी हात जोडून गप्प बसायचं.

पावसात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोलचे दोन थेंब सांडलेले बघितलेत ना? त्यावर इंद्रधनुष्य दिसतं. पेट्रोलला काही निळा-जांभळा रंग नसतो. पाण्यावर त्याचा अतिशय पातळ थर पसरतो, थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परत येणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग उठून दिसतात, काही मरतात. बेंड पाईपवर अगदी हेच चालतं. धातू तापला की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडते आणि वर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा तयार होतो. पापुद्रा जितका जाड, तितका रंग पुढे सरकतो: पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा.

आपल्याकडच्या लोहारांना हे थिअरी न शिकता माहीत आहे. छिन्नीला पाणी दिल्यावर ते ती परत हळूहळू तापवतात आणि रंगाकडे डोळा लावून बसतात. साध्या पोलादावर गवती पिवळा रंग साधारण २२० ते २३० अंश सेल्सियसला येतो, निळा ३०० च्या आसपास. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असतं, ते हट्टी, त्यामुळे तिथे फिकट पिवळ्यालाच २९० च्या आसपास जावं लागतं आणि निळा यायला ५०० च्या पुढे. म्हणजे तुमचा पाईप हा एक थर्मामीटर आहे. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो, तर माझ्या भाषेत सांगायचं तर हा इंजिनचा लॉग आहे. लॉग पुसून टाकला म्हणजे बग गेला असं होत नाही. यावर नंतर येतो.

आधी तुमचा पाईप कशाचा आहे ते ओळखा. इथेच बरेच जण घसरतात. ढोबळमानाने तीन प्रकार. एक, क्रोम केलेला, आरशासारखा, तोंड दिसेल असा. दोन, स्टेनलेस, जरा मंद चांदीसारखा, बऱ्याचदा बारीक रेघांचा. तीन, काळा रंगवलेला, जो रोजच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांवर असतो.

'चुंबक लावा, चिकटलं तर स्टेनलेस नाही' हा सल्ला तुम्हाला सगळीकडे मिळेल. सायलेन्सरच्या बाबतीत तो बिनकामाचा आहे. गाड्यांच्या एक्झॉस्टसाठी ४०९ सारखं जे स्टेनलेस सर्रास वापरतात त्याला चुंबक चिकटतं. त्यापेक्षा हेडजवळ आणि वेल्डिंगजवळ नीट बघा. कुठे पापुद्रा सुटलाय, फोड आल्यासारखं होऊन खालून लाल गंज डोकावतोय, तर क्रोम. कुठेच साल निघत नाही, फक्त रंग बदललाय, तर बहुतेक स्टेनलेस.

फरक का महत्त्वाचा? क्रोमचा तो चमकणारा थर बहुतेक वेळा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असतो. आपल्या डोक्यावरचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉनचा. म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाएवढं क्रोम, त्याच्याखाली निकल, त्याच्याखाली साधं लोखंड. निळा रंग काढायचा म्हणजे तो ऑक्साइडचा पापुद्रा घासून काढायचा, आणि प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर थोडं क्रोमही जाणार. मनगटात जोर आहे म्हणून दर रविवारी घासलंत तर एक दिवस पिवळट निकल दिसायला लागेल, आणि त्याच्यापुढे गंज. तो परत येत नाही. परत निकल-क्रोम करून घ्यावं लागतं किंवा पाईप बदलावा लागतो. स्टेनलेसला हे भय नाही, तो आतपर्यंत एकच धातू आहे. काळ्या पाईपचा तर विषयच वेगळा. त्याला पॉलिश लावून काही उपयोग नाही. गंज पॉलिश पेपरने काढायचा आणि उष्णता सहन करणारा रंग मारायचा. हार्डवेअरमधला साधा स्प्रे तिथे चार किलोमीटरसुद्धा टिकत नाही, जळतो आणि वास मारतो.

आता काय करायचं नाही. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पाईप खराब झाला तर पैशात भागतं, बाकीच्या गोष्टी पैशात भागत नाहीत.

पहिलं, फरशीचं ॲसिड आणि संडास साफ करायचं लिक्विड. 'दोन मिनिटांत सायलेन्सर नव्यासारखा' अशा व्हिडिओत हेच असतं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. गंमत बघा, प्लेटिंगवाल्यांना जुनं, बिघडलेलं क्रोम उतरवायचं असलं की ते हेच ॲसिड वापरतात. म्हणजे तुम्ही क्रोम साफ करत नाही, उतरवताय. पहिल्या दिवशी छान दिसतं, कारण वरचा थर गेलेला असतो. पावसाळ्यात त्याचा हिशोब होतो. स्टेनलेसवरसुद्धा त्यातला क्लोराइड सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडतो. पाईप कोमट असेल तर ॲसिडची वाफ सरळ तुमच्या नाकात, कारण तुम्ही उकिडवे बसून त्याच्यावरच वाकलेले असता. आणि त्याच बादलीत कोणी 'अजून स्वच्छ होईल' म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू तयार होतो. तो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता, आपण बाथरूममध्ये तयार करतो.

दुसरं, रॉकेल आणि पेट्रोल. कुठलाही चिकट डाग दिसला की आपल्याकडे 'जरा पेट्रोल मार की बे' हा ठरलेला उपाय. पेट्रोलची वाफ तर थंडीतसुद्धा पेट घेते. रॉकेल त्या मानाने गरीब समजलं जातं, आणि इथे सोलापूरकरांसाठी एक खास गोष्ट आहे. द्रव किती तापल्यावर त्याच्या वाफेला ठिणगीने पेट घेता येतो, त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. आपल्या भारतीय मानकात रॉकेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. आता एप्रिल-मे आठवा. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जाऊन तिथेच मुक्काम ठोकतो. म्हणजे जे रॉकेल महाबळेश्वरला सुरक्षित वाटेल, ते जुळे सोलापुरात दुपारी दोन वाजता, तापलेल्या फरशीवर, ठिणगीची वाट बघत बसलेलं असू शकतं. शिवाय प्रयोगशाळेत मोजलं तर साधारण २१० ते २२० अंशांना रॉकेलची वाफ ठिणगीशिवायही पेटते. तुमच्या पाईपवरचा रंगच सांगतोय की तो याहून जास्त तापतो. म्हणून आत्ताच विजापूर रोडवरून आलेल्या गाडीवर रॉकेलचा बोळा फिरवायचा नाही. खरं तर गार गाडीवरही त्याची गरज नाही, कारण ऑक्साइडवर ना पेट्रोलचा परिणाम होतो ना रॉकेलचा. ते फक्त तेलकट घाण काढतात, आणि ते काम भांडी घासायचं लिक्विडही करतं.

तिसरं, गरम पाईपवर गार पाणी. वॉशिंग सेंटरला हे रोज घडतं: गाडी येते, लगेच प्रेशरचा फवारा. 'चर्रर्र' असा आवाज येतो आणि वाफेचा ढग उठतो. एकदम आकसल्यामुळे वेल्डिंगच्या सांध्यावर ताण येतो, क्रोमला बारीक भेगा पडतात, आणि ती वाफ तोंडावर आली तर भाजते. गाडी थंड होऊ द्या म्हणून सांगायला लाजू नका. रांग असेल तर तेवढ्यात चहा होतो.

चिंच, लिंबू, पितांबरी या घरच्या गोष्टींबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. देवघरातली समई चिंचेने लखलखते, मग पाईप का नाही? कारण तांब्या-पितळेवरचा काळपटपणा चिंचेतल्या आम्लात विरघळतो. क्रोमियमचं ऑक्साइड असल्या सौम्य आम्लाला दाद देत नाही. तोच तर त्याचा गुण आहे, त्याच्याच जोरावर स्टेनलेसची भांडी रोज आमटी-चिंचेच्या संपर्कात राहूनही टिकतात. तेव्हा चिंच आमटीत घाला.

तारेची घासणी आणि हिरवा खरखरीत स्क्रबर, दोन्ही लांब ठेवा. हिरव्यात घासणारे कण असतात, क्रोमवर कायमचे ओरखडे पडतात. लोखंडी तारेचे बारीक कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि आठ दिवसांनी तिथे गंजाचे ठिपके उठतात, मग लोक म्हणतात 'कंपनीने स्टेनलेस म्हणून लोखंड दिलं'.

बरं, मग करायचं काय?

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी लवकर बसा. उन्हाळ्यात सहा-साडेसहाला, ऊन यायच्या आत. डबल स्टँड, चावी काढून खिशात. तरी हात लावण्याआधी दोन थेंब पाणी टाकून बघा, सुरसुरलं तर अजून थांबा. मोकळी जागा हवी, बंद पार्किंग नको. हातात रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. पॉलिशचा शिंतोडा डोळ्यात गेला तर रविवार संपला. बीएस-६ गाडी असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर बेंड पाईपवर किंवा हेडजवळ एक वायर जोडलेला सेन्सर दिसेल. तो ऑक्सिजन सेन्सर. त्याच्यावर पाण्याचा झोत नको, पॉलिश नको, वायर ओढू नका.

पहिला हात साध्या पाण्याचा आणि भांड्यांच्या लिक्विडचा. कापड म्हणून आपल्याकडे जगातली उत्तम गोष्ट घरात पडलेली असते: जुना सोलापुरी टॉवेल. चादरीसारखं त्यालाही जीआय मानांकन आहे, पण आपल्या कामाचं एवढंच की तो सुती आहे, पाणी धरतो आणि ओरखडे काढत नाही. पाणी शक्यतो नळाचं घ्या. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं तिथे हे सांगणं म्हणजे विनोद आहे, मला माहितीय. बोअरचंच वापरलंत तर शेवटी पाईप कोरडा पुसून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके पुढच्या फेरीत भाजून पक्के होतात. आधीच बसलेल्या ठिपक्यांवर थंड पाईपवर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर मिनिटभर ठेवून धुऊन टाका.

कॅरीबॅग किंवा रेनकोट चिकटून काळा डांबरासारखा थर झाला असेल तर तो वेगळा प्रकार, तो खराच मळ आहे. इंजिन अगदी थोडा वेळ चालवून बंद करायचं, पाईप फक्त कोमट असताना मऊ झालेलं प्लास्टिक लाकडाने खरवडायचं. कुल्फीची काडी यासाठी उत्तम. स्क्रू ड्रायव्हर नको.

क्रोमवर गंजाचे बारीक ठिपके असतील तर डब्याला लावतो ती ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरंच मऊ असतं, त्यामुळे गंज निघतो आणि क्रोमला धक्का लागत नाही. राखाडी चिखल निघेल, तो पुसून टाका.

आणि आता निळा रंग. याला मेटल पॉलिशच लागतं, ज्याच्या डबीवर क्रोम आणि स्टेनलेससाठी चालतं असं लिहिलेलं असेल ते. खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर आधी लावून बघा. मटार एवढं पॉलिश, मऊ कापड, बेताचा दाब. स्टेनलेसवर रेघा असतील तर त्याच दिशेने घासा, आडवं नाही. सोनेरी झाक पाच-दहा मिनिटांत जाते. जांभळ्याला दम लागतो. गडद निळा क्रोमवर पूर्ण जाईलच असं नाही, आणि तिथे मी थांबा म्हणेन. दहा मिनिटं घासून रंग अर्धा झाला तर तो अर्धा राहू द्या. ड्रिलला बफिंग व्हील लावून क्रोमवर चढणं हे केसाच्या शंभराव्या भागावर रंधा मारण्यासारखं आहे.

शेवटी साबणपाण्याने पॉलिश पूर्ण धुऊन काढा आणि कोरडं करा. बोटांचे ठसे राहू देऊ नका, त्यातलं तेल भाजतं आणि तुमच्या अंगठ्याचा शिक्का पाईपवर कायमचा बसतो. हे खोटं वाटत असेल तर एखाद्या नव्या बुलेटवर नीट बघा.

मग गाडी मोकळ्यावर नेऊन चालू करा. उरलेल्या पॉलिशचा थोडा धूर येतो, घाबरू नका. पण हे बंद गॅरेजमध्ये कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. आणि गावाकडे करत असाल तर कडब्याच्या गंजीपासून लांब. मंगळवेढ्याकडे ज्वारीची काढणी झाली की घराघरापुढे कडबा रचलेला असतो, आणि तापलेल्या पाईपला वाळकं गवत लागायचा अवकाश.

एवढं सगळं करून पुढच्या तुळजापूर फेरीत पहिली सोनेरी झाक परत येणार. येणारच. धातू तापणार, हवा आहे, पापुद्रा बनणार. प्रश्न तो किती लवकर आणि किती गडद येतो हा आहे, आणि आता त्या लॉगकडे येऊ.

नवी गाडी, हळूहळू सोनेरी होत गेली, तर काही काळजी नाही. पण जुन्या गाडीचा पाईप अचानक आठवड्याभरात निळा पडला तर इंजिन काहीतरी सांगतंय. मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असेल, कार्ब्युरेटरच्या मागचं रबर चिरलं असेल आणि तिथून हवा शिरत असेल, हेडजवळचं गॅस्केट फुंकत असेल, किंवा टायमिंग मागे पडलं असेल. सकाळी 'इंजिन गरम होऊ दे' म्हणून चोक ओढून पाच मिनिटं जागेवर घुरघुर करत ठेवणं हेही एक कारण. गाडी चालताना समोरून वारा लागतो, उभी असताना पाईपला गार करणारं कोणी नसतं. सात रस्त्याच्या सिग्नलला इंजिन बंद केलंत तर पेट्रोलबरोबर पाईपही वाचतो.

इथेनॉलबद्दल विचारणारे बरेच आहेत, आणि ऊस-कारखान्यांच्या जिल्ह्यात हा प्रश्न जरा नाजूक असतो. हिशोब असा: शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. देशात २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला, त्या पेट्रोलला लागते साधारण १३.५ पट. इंजेक्शनच्या गाडीत तो ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंधन थोडं वाढवतो. कार्ब्युरेटर बिचारा जुन्याच मापाने देत राहतो, त्यामुळे मिश्रण थोडं कोरडं होतं. मात्र इथेनॉल उडताना उष्णता जास्त शोषतं, म्हणजे परिणाम एकाच बाजूचा नाही. तेव्हा सगळं खापर उसावर फोडू नका, पण कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर मेकॅनिककडून मिश्रण एकदा बघून घ्या. पाईप घासण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं.

एक सल्ला मात्र घेऊ नका: 'कॅट काढून साधा पाईप टाकू, गरमच होणार नाही.' गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, पीयूसीला अडकाल, आणि रंग तरीही येईलच.

आता चटक्याबद्दल, कारण सायलेन्सरचा चटका पोटरीला लागलेला नाही असं घर आपल्याकडे शोधून सापडणार नाही. लहान पोरं आणि मागे बसणारे यात पहिले. भाजल्यावर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, पूर्ण वीस मिनिटं. दोन मिनिटं नाही. नळाला पाणी नसेल तर पिंपातलं तांब्याने ओतत राहा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, आणि आजीची निळी शाई तर अजिबात नको, कारण मग डॉक्टरला खालची कातडी दिसत नाही. फोड फोडायचा नाही. जखम तळहाताहून मोठी असेल, पांढरी पडली असेल, किंवा लहान मुलाला लागलं असेल तर थेट दवाखाना.

किती वेळा पॉलिश करायचं हा शेवटचा प्रश्न. स्टेनलेसला वाटेल तेव्हा. क्रोमला वर्षातून एकदा, गड्ड्याच्या यात्रेच्या आधी म्हणा, म्हणजे लक्षात राहील, आणि मधल्या काळात फक्त साबणपाणी. तुमच्या पाईपचा फोटो पाठवायचा असेल तर जरूर पाठवा, पण सोबत गाडी कार्ब्युरेटरची की इंजेक्शनची, किती किलोमीटर झाली आणि रंग किती दिवसांत आला एवढं लिहा. नुसत्या फोटोवरून मी काही सांगणार नाही.